तहाची किंमत कोण मोजतो?

(कोन, तालुका पनवेल येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हा अभ्यासवर्ग ज्या गावी भरला आहे ते कोन गाव मुंबई-पुण्याच्या जुन्या वाटेवर वसलेले आहे. पनवेलची खाडी मागे टाकून पळस्पे ओलांडले की हा टापू लागतो आणि पुढे चौक, खालापूर, खोपोली करीत वाट बोरघाटाच्या पायथ्याशी पोचते. दक्षिणेच्या अंगाला कर्नाळ्याचा सुळका उभा आहे. या वाटेवर आज रात्रंदिवस मालमोटारींची रीघ असते. १७७८ सालच्या हिवाळ्यात या टापूतून एक सैन्य पुण्याकडे निघाले होते. त्यात सुमारे चार हजार शिपाई होते, तोफा होत्या आणि ओझ्याची व ओढकामाची मिळून एकोणीस हजार गुरे होती अशी नोंद आहे. सैन्य इंग्रजांच्या कंपनीचे होते. परंतु ज्याच्या नावाने ते निघाले होते तो पुरुष थोरल्या बाजीरावाचा पुत्र होता. वीस वर्षांपूर्वी लाहोर जिंकून ज्याने मराठी फौजेची दहशत अटकेपर्यंत नेली, तो रघुनाथराव आता परक्यांच्या संगिनींच्या आधाराने पुण्यावर चालून जात होता.

रघुनाथरावाला, म्हणजे राघोबादादाला, शिव्याशाप देण्याचे काम मराठी नाटकांनी व कादंबऱ्यांनी पुरेसे केले आहे. त्यात भर घालण्याचे प्रयोजन नाही. एखादा मातब्बर पुरुष परक्या सत्तेशी तह करतो तेव्हा नेमके काय घडते, तो तहाचा कागद कोणत्या अर्थाने लिहितो आणि समोरची सत्ता तो कोणत्या अर्थाने वाचते, आणि अखेर त्या कागदाचे मोल कोणाच्या घरून वसूल होते, हे तीन प्रश्न मात्र आजही जिवंत आहेत. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी पनवेलची ही वाट फार सोयीची आहे.

प्रथम थोडे दूरचे उदाहरण पाहू. काळा समुद्र आणि कास्पियन समुद्र यांच्या मधोमध कॉकेशसचा डोंगराळ प्रदेश आहे. त्याच्या उत्तर उतारावर चर्केस लोकांची कबर्डा नावाची भूमी आहे. सोळाव्या शतकात तेथे एकछत्री राज्य नव्हते. अनेक सरदारघराणी होती आणि त्यांची आपसांत भाऊबंदकी होती. वरून क्रिमियाच्या खानाच्या धाडी पडत आणि माणसे गुलाम म्हणून धरून नेली जात. या कोंडीत सापडलेल्या तेमर्यूक नावाच्या सरदाराने १५५७ साली मॉस्कोला वकील पाठविले आणि झार चौथ्या इव्हानशी सख्य जोडले. १५६१ साली त्याची कन्या इव्हानची राणी झाली. बाप्तिस्म्यानंतर तिचे नाव मारिया पडले. सासऱ्याच्या मदतीसाठी झारने फौज पाठविली, आणि १५६७ साली तेरेक नदीच्या काठी रशियाचा किल्ला उभा राहिला.

तेमर्यूकच्या दृष्टीने हा दोन बरोबरीच्या घराण्यांतला करार होता. संकटात एकमेकांच्या पाठीशी उभे राहावे, असा डोंगरी समाजातला जुना रिवाज त्याच्या मनात होता. मॉस्कोच्या दप्तरात मात्र त्याच घटनेची नोंद 'कबर्ड्याचा सरदार झारच्या आश्रयास आला' अशा अर्थाने झाली. एकाने मैत्री लिहिली, दुसऱ्याने ताबेदारी वाचली. पुढची तीनशे वर्षे या दोन वाचनांतली दरी रक्ताने भरली गेली. १७६३ साली मोझ्दोकचा किल्ला बांधला गेला तेव्हा कबर्ड्याने त्याविरुद्ध तक्रार केली. ती ऐकली गेली नाही. १८२९ साली तुर्कस्तानच्या सुलतानाने एड्रियानोपलच्या तहात चर्केसांचा सारा किनारा रशियाला देऊन टाकला, आणि ज्यांचा तो किनारा होता त्यांना कोणी विचारलेसुद्धा नाही. १८६४ साली कॉकेशसचे युद्ध संपले तेव्हा लाखो चर्केसांना स्वतःची भूमी सोडून तुर्कस्तानच्या वाटेला लागावे लागले. असंख्य माणसे वाटेतच मेली.

आणि तरीही १९५७ साली, झारशाही उलथून चाळीस वर्षे झाल्यानंतर, सोव्हिएत राजवटीने तेमर्यूकच्या त्या तहाचा चारशेवा वर्धापनदिन 'स्वेच्छेने झालेले मीलन' म्हणून थाटात साजरा केला आणि कबर्ड्याच्या राजधानीत, नालचिकला, झारच्या त्या राणीच्या रूपाने स्मारक उभारले. जी क्रांती राजांचे तह फाडून टाकण्याची भाषा बोलत होती, तिलाही सत्तेवर बसल्यावर राजाचा तह उपयोगी वाटू लागला, ही गोष्ट समाजवाद्यांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एका सरदाराने आपल्या गरजेपोटी केलेला करार चारशे वर्षांनी साऱ्या समाजाची 'स्वेच्छा' म्हणून खपविला जातो, तेव्हा इतिहासाच्या जागी दरबारी बखर येते.

आता पुन्हा बोरघाटाकडे वळू.

रघुनाथरावाची कथा परक्यांच्या भेटीपासून सुरू होत नाही. ती घरातून सुरू होते. १७६१ साली पानिपतच्या धक्क्याने नानासाहेब पेशवे गेले आणि सोळा वर्षांचा माधवराव गादीवर आला. चुलत्याला कारभार हवा होता. १७६२ साली त्याने पुतण्याविरुद्ध शस्त्र उचलले आणि निजामाचीही मदत घेतली. म्हणजे घरच्या भांडणात बाहेरच्याला बोलाविण्याची सवय इंग्रजांमुळे लागली असे म्हणता येत नाही. माधवरावाने त्या वेळी राज्य फुटू नये म्हणून स्वतः चुलत्याच्या हवाली होणे पत्करले, पुढे आपल्या कर्तृत्वाने कारभार हाती घेतला आणि १७६८ साली धोडपजवळ चुलत्याचा पराभव करून त्याला शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवराव क्षयाने वारला. धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी त्याला शनिवारवाड्यात कापून काढले.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी या खुनाची चौकशी केली आणि दोष रघुनाथरावावर ठेवला. रामशास्त्र्यांचे नाव मराठी माणूस आजही आदराने घेतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या प्रसंगाची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. न्यायाधीशाने निवाडा दिला. तो अमलात आणणारी यंत्रणा कोणती? ज्याच्याविरुद्ध निवाडा होता तोच पेशवा होऊन बसला होता. निःस्पृह न्यायाधीशाला पुणे सोडून जाण्याखेरीज मार्ग उरला नाही. निवाडा होता, पण निवाड्यामागे बळ नव्हते. आणि बळ नसलेला निवाडा माणसाच्या थोरवीची खूण होतो, राज्याच्या आरोग्याची होत नाही.

त्यानंतर नाना फडणीस, सखारामबापू बोकील, त्रिंबकमामा पेठे, हरिपंत फडके आदी मंडळींनी एकत्र येऊन जे राजकारण उभे केले त्याला बारभाईंचे कारस्थान म्हणतात. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावाच्या विधवेच्या पोटी मुलगा जन्मला आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळाच्या, सवाई माधवरावाच्या, नावाने पेशवाईची वस्त्रे आणली गेली. रघुनाथरावापुढे आता गादीचाच नव्हे, जिवाचाही प्रश्न होता. तो गुजरातेकडे निघाला आणि इंग्रजांशी बोलणी लावू लागला.

मुंबईच्या इंग्रजांना काय हवे होते हे गुपित नव्हते. बेटाभोवतालची साष्टी आणि वसई यांवर त्यांचा कित्येक वर्षे डोळा होता. ही वसई १७३९ साली चिमाजी अप्पाने पोर्तुगीजांकडून जिंकून घेतली होती; चिमाजी अप्पा म्हणजे रघुनाथरावाचा सख्खा चुलता. बोलण्यांच्या प्रारंभी रघुनाथरावानेही साष्टी आणि वसई सोडण्यास नकार दिला होता, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. पण मित्राच्या होकाराची वाट पाहत बसण्याची इंग्रजांची तयारी नव्हती. डिसेंबर १७७४ अखेर त्यांनी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला आणि साष्टी ताब्यात आली. तह व्हावयाचा होता तो नंतर.

६ मार्च १७७५ रोजी सुरतेचा तह झाला. साष्टी, वसई आणि सुरत-भडोचच्या वसुलातील वाटा कंपनीला द्यावयाचा. त्याच्या मोबदल्यात अडीच हजार फौज मिळावयाची. त्या फौजेचा दरमहा दीड लाखाचा खर्च रघुनाथरावाने सोसावयाचा. आणि सहा लाखांच्या तारणादाखल आपले जवाहीर इंग्रजांकडे ठेवावयाचे. हा मजकूर नीट पाहिला तर त्याचा पोत सरदाराने मित्राशी केलेल्या सख्यापेक्षा अडलेल्या कुळाने सावकाराला लिहून दिलेल्या खताशी अधिक जुळतो. जमीन दिली, व्याज कबूल केले, दागिने गहाण पडले. आणि जी जमीन दिली ती देणाऱ्याच्या ताब्यात उरलेली नव्हती; घेणाऱ्याने तिच्यावर आधीच पाय ठेवला होता.

या खतावर सही करणारे दोन होते: रघुनाथराव आणि मुंबईची कौन्सिल. साष्टीतला भातशेती करणारा आगरी, वसईचा कोळी, ख्रिस्ती शेतकरी, बागाईत राखणारा वाडवळ यांच्यापैकी कोणाची त्यावर सही नव्हती. चर्केसांच्या किनाऱ्याचे जे १८२९ साली झाले तेच साष्टीचे १७७५ साली झाले होते. माणसे तेथेच राहिली; त्यांच्या पायाखालची भूमी कागदावर दुसऱ्याची झाली.

मे १७७५ मध्ये गुजरातेत अडासजवळ लढाई झाली. इतक्यात कलकत्त्याच्या सरकारने मुंबईचे कान उपटले. १७७३ च्या कायद्याने कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलला युद्ध आणि तह यांबाबत इतर इलाख्यांवर देखरेखीचा अधिकार मिळाला होता, आणि मुंबईने त्याला न विचारता युद्ध ओढवून घेतले होते. कलकत्त्याहून कर्नल अप्टन आला आणि १ मार्च १७७६ रोजी त्याने बारभाईंशी पुरंदरचा तह केला. सुरतेचा तह रद्द झाला, रघुनाथरावाला पेन्शन घेऊन कोपरगावास राहण्यास सांगण्यात आले, आणि साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, मित्राला दिलेले वचन रद्द करता आले, पण मित्राकडून घेतलेली जमीन परत करण्याची आठवण कोणालाही झाली नाही. पुढे लंडनच्या संचालकांनी सुरतेच्या तहाला अनुकूलता दर्शविली आणि मुंबईला पुन्हा बळ आले. परक्या सत्तेशी करार करणाऱ्याला वाटते की आपण एका माणसाशी बोलत आहोत. वास्तविक तो मुंबईशी बोलत असतो, निर्णय कलकत्त्यास होतो आणि हिशेब लंडनमध्ये मांडला जातो.

नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईची फौज पनवेलच्या बंदरात उतरली. सेनापती कर्नल इगर्टन. त्याच्यावर कार्नॅक आणि मोस्टिन यांची समिती. मोस्टिन आजारी पडून परत गेला आणि १ जानेवारी १७७९ रोजी मुंबईस वारला. चार हजारांच्या या फौजेत गोरे सुमारे सहाशे होते. उरलेले सारे एतद्देशीय शिपाई होते. म्हणजे राघोबादादाच्या हक्कासाठी आणि कंपनीच्या नफ्यासाठी मरावयास निघालेले बहुसंख्य लोक याच भूमीतले, पोटासाठी पलटणीत शिरलेले होते. त्यांचा राघोबाशीही संबंध नव्हता आणि लंडनशीही नव्हता.

घाट चढून फौज डिसेंबरअखेर खंडाळ्यास पोचली. तेथून तळेगाव फारसे दूर नाही. तरी ते अंतर कापावयास तिला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला. हजारो बैलांचे लटांबर, डोंगराळ वाट आणि दोन्ही अंगांनी मराठी स्वारांचे छापे. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. शत्रूच्या या धाडसी अंमलदाराला मराठ्यांनीच 'इष्टूर फाकडा' असे कौतुकाचे नाव दिले होते, आणि वडगावजवळचे त्याचे थडगे लोकांनी नवसाचे ठिकाण करून टाकले.

या मोहिमेचा सारा डाव एका गृहीतावर उभा होता: रघुनाथराव घाटावर दिसताच मराठी सरदार त्याला येऊन मिळतील. एकही मोठा सरदार आला नाही. परक्याच्या पालखीतून आलेल्या धन्याला घरचे लोक ओळखेनासे झाले होते. ९ जानेवारीला फौज तळेगावास पोचली तेव्हा गाव रिकामे होते आणि जाळून टाकलेले होते. दाणा नाही, वैरण नाही. वेळ आलीच तर चिंचवड आणि पुणेसुद्धा पेटविण्याची सिद्धता होती. ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि माघार घेतली. पहाटेपूर्वीच मराठ्यांनी त्यांना गाठले. वडगावात कोंडलेल्या फौजेला जानेवारीच्या मध्यास महादजी शिंद्यांमार्फत तह करावा लागला: साष्टीसह १७७३ नंतर मिळविलेला मुलूख परत करणे, बंगालहून येणारी फौज थांबविणे, दोन अंमलदार ओलीस ठेवणे आणि रघुनाथरावाची पाठ सोडणे.

वडगावचा विजय मराठी मनाला प्रिय आहे. तो प्रिय असावा. परंतु त्याचा हिशेब पुरता मांडला जावा. तळेगाव कोणी जाळले? ते इंग्रजांनी जाळले नाही. शत्रूची उपासमार करण्याचा तो डाव होता आणि युद्धाच्या दृष्टीने बिनतोड होता. पण जळालेल्या कणग्या आणि गंजी ज्यांच्या होत्या त्या कुणब्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. रघुनाथरावाने इंग्रज आणला म्हणून बारभाईंना गाव जाळावे लागले. दोघांच्या भांडणाचे बिल मावळातल्या शेतकऱ्याने भरले.

आणि तो विजय टिकला का? मुंबई आणि कलकत्ता या दोघांनीही वडगावचा तह मानला नाही. अडचणीत सापडलेल्या अंमलदारांनी अधिकार नसताना सही केली असे कारण सांगितले गेले. थांबविण्याचे कबूल केलेली बंगालची फौज जनरल गोडार्डच्या हाताखाली सुरतेस येऊन पोचली. शिंद्यांच्या ताब्यातून निसटलेला रघुनाथराव पुन्हा इंग्रजांना जाऊन मिळाला. १७८० च्या फेब्रुवारीत अहमदाबाद आणि डिसेंबरात वसई इंग्रजांनी घेतली. १७८१ च्या आरंभी गोडार्ड बोरघाटावर येऊन थडकला आणि हा पनवेलचा टापू पुन्हा रणभूमी झाला. परशुरामभाऊ पटवर्धनांनी घाटाखाली उतरून पनवेलहून रसद नेणाऱ्या तांड्यांवर छापे घातले. एप्रिलमध्ये गोडार्डला घाट सोडून पनवेलपर्यंत माघार घ्यावी लागली आणि त्या वाटचालीत त्याची चारशेंहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. या पळस्पे-चौकाच्या शिवारात उन्हाळ्याच्या तोंडाशी जे घडले ते पाठ्यपुस्तकांत एका ओळीतही मावत नाही.

त्याच सुमारास तेमर्यूकच्या वकिलांची आठवण व्हावी असा एक प्रसंग घडला. रघुनाथरावाने आपली कैफियत थेट इंग्लंडच्या राजापुढे मांडण्यासाठी हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील दोन पारशी सोबत्यांसह लंडनला पाठविला. १७८१ साली त्या परमुलखात त्याचे सोवळे-ओवळे आणि स्वयंपाक सांभाळण्याची सोय करून दिली ती एडमंड बर्कने, आपल्या बीकन्सफील्डच्या घरी. पुढे वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालविणारा हाच बर्क. पाहुणचार झाला, सहानुभूती मिळाली. पेशवाई मिळाली नाही. एक सज्जन यजमान म्हणजे साम्राज्य नव्हे, हे हणमंतरावाला कळले असेल. त्याच्या धन्याला कळले तेव्हा फार उशीर झाला होता.

१७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. इंग्रजांनी रघुनाथरावाचा पाठिंबा काढून घेतला आणि त्याला मासिक पंचवीस हजारांचे वेतन ठरले. वसई मराठ्यांना परत मिळाली. साष्टी इंग्रजांकडे राहिली. आठ वर्षांच्या मैत्रीत मित्राला पेन्शन मिळाली आणि मैत्री करणाऱ्या सत्तेला जमीन. ११ डिसेंबर १७८३ रोजी रघुनाथराव कोपरगावी वारला.

परंतु बाप मरतो म्हणून त्याने पाडलेली वाट मोडत नाही. सुरतेच्या तहाच्या दोनच महिने आधी, जानेवारी १७७५ मध्ये धारला जन्मलेला त्याचा मुलगा पुढे दुसरा बाजीराव झाला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकराने हडपसरजवळ त्याचा व शिंद्यांचा पराभव केला, तेव्हा तोही इंग्रजांच्या गलबतातून वसईस गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने वसईचा तह केला. कंपनीच्या सहा पलटणी कायम मुलखात ठेवावयाच्या, त्यांच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यावयाचा, आणि इतर सत्तांशी इंग्रजांना विचारल्याखेरीज व्यवहार करावयाचा नाही. बापाने जमीन गहाण टाकली होती; मुलाने जीभही गहाण टाकली. १८१८ च्या जानेवारीत कर्नल प्रॉथरने हा समोरचा कर्नाळा घेतला. ३ जूनला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि वार्षिक आठ लाखांची पेन्शन घेऊन बिठूरला गेला. पेशवाईचा शेवटही पेन्शनीतच झाला.

यावरून रघुनाथराव वाईट आणि नाना फडणीस चांगला एवढाच धडा घ्यावयाचा असेल तर इतका ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. बारभाईंचे श्रेय मोठे आहे. वारसा आणि रक्त यांवर चालणाऱ्या राज्यात काही कारभाऱ्यांनी एकत्र येऊन, एका लहानग्या मुलाच्या नावाने का होईना, सामुदायिक नेतृत्व चालविले आणि परक्या फौजेला दोनदा बोरघाटाखाली लोटले, ही सामान्य गोष्ट नव्हे. पण त्या बारभाईंतही लवकरच फूट पडली. मोरोबा फडणिसाने रघुनाथरावाच्या बाजूने कारस्थान केले. सखारामबापूंचे पाऊल दोन्ही दगडांवर होते आणि त्यांचा अंत कैदेत झाला. नाना आणि महादजी यांच्यात अखेरपर्यंत संशय राहिला. बारा जणांचे नेतृत्व हळूहळू एकाचे झाले, आणि तो एक १८०० साली गेल्यावर कोणीच उरले नाही. सामुदायिक नेतृत्वाला नियम नव्हते, त्याची निवड नव्हती, त्याच्यावर जनतेचा अंकुश नव्हता. संकटाने त्यांना एकत्र बांधले होते. संकट ओसरताच गाठ सुटली.

मूळ दोष येथे सापडतो. ज्या राज्यात, ज्या संस्थेत, ज्या पक्षात मतभेद मिटविण्याची सर्वांना मान्य अशी रीत नसते, तेथे हरलेला माणूस दाराबाहेर जातो आणि दाराबाहेर कोणीतरी नेहमीच उभा असतो. तो प्रेमाने विचारपूस करतो, पलटण देतो, पैसा देतो, आणि तारणात काय आहे तेवढे पाहून घेतो. रघुनाथरावाच्या स्वभावाला दोष देऊन हे टळत नाही. प्रत्येक पिढीत महत्त्वाकांक्षी चुलते जन्माला येणारच. रामशास्त्र्याच्या निवाड्यामागे बळ उभे करणारी घटना असती, पराभूत माणसालाही घरात मानाने राहता येईल अशी व्यवस्था असती, तर सुरतेचा रस्ता इतका जवळचा वाटला नसता. समाजवादी चळवळीतील कार्यकर्त्यांनी आपल्याकडील फाटाफुटींचा इतिहास या आरशात पाहिला तर बरे. किती वेळा मतभेद तात्त्विक होते आणि किती वेळा ते मिटविण्याची जागाच नव्हती? आणि घर सोडून गेलेल्यांपैकी किती जणांना बाहेरच्या मित्राने पलटणीऐवजी पेन्शनच दिली?

दुसरी गोष्ट भूमीची. तह करणारे वेगळे आणि त्याची किंमत मोजणारे वेगळे, हा प्रकार राजेरजवाड्यांबरोबर संपला असे मानण्याचे कारण नाही. याच पनवेल-उरणच्या पट्ट्यात नव्या मुंबईसाठी १९७० नंतर गावोगावच्या जमिनी संपादित झाल्या. जो भाव ठरला तो शेतकऱ्याला विचारून ठरला नव्हता. म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर आले, आणि जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात झालेल्या गोळीबारांत पाच जण मृत्युमुखी पडले. वडगावचा तह झाला तोही जानेवारीचाच मध्य होता. त्या पाच जणांच्या बलिदानातून विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा शेतकऱ्याला परत मिळण्याचे तत्त्व मान्य झाले. साष्टीच्या शेतकऱ्याला १७७५ साली जे बोलता आले नाही ते पनवेल-उरणच्या शेतकऱ्याने दोनशे वर्षांनी बोलून दाखविले: आमच्या जमिनीच्या कागदावर आमची सही लागेल.

आणि या कोन गावात गिरणी कामगारांसाठी बांधलेली घरेही आहेत. २०१६ साली २,४१७ घरांची सोडत निघाली. चाव्या हाती पडावयास वर्षे गेली. मुंबईतील गिरण्यांच्या जमिनींचे करार मालक, सरकार आणि बिल्डर यांच्यात झाले. ज्याने त्या गिरणीत आयुष्य झिजविले तो त्या करारात उशिराने, पुष्कळ झगडल्यानंतर आला. त्या इमारतींच्या सावलीत बसून सुरतेच्या तहाचा विचार केला की तो फार जुना वाटत नाही.

तेमर्यूकने रशियाकडे पाहिले, राघोबाने इंग्रजांकडे पाहिले. दोघांनाही वाटले की आपण सत्तेचा वापर करून घेत आहोत. दोघांच्याही मागे जो समाज उभा होता त्याच्याकडे मात्र त्यांनी मागे वळून पाहिले नाही. कार्यकर्त्याने कोणत्याही समझोत्याचा कागद हाती आला की, मग तो सरकारशी असो, भांडवलदाराशी असो वा दुसऱ्या पक्षाशी असो, सह्या वाचण्यापूर्वी तारण वाचावे. आपण जे देत आहोत ते आपले आहे काय, आणि ज्याचे आहे त्याला विचारले आहे काय? या दोन प्रश्नांना होकारार्थी उत्तर मिळत असेल तर तह जरूर करावा. मिळत नसेल, तर पनवेलच्या बंदरात उतरलेली पलटण कितीही शिस्तीची दिसली तरी तिच्यामागून घाट चढू नये.